नवरदेव लाल झाला

सिंदीच्या त्या मंगल कार्यालयात नवरदेव न्हाणीतून बाहेर आला तेव्हा तो विटेसारखा लाल होता, आणि तो माझ्यामुळे लाल झाला हे तिथं जमलेल्या सगळ्या माणसांत एकट्या मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. लोकांनी दोष दुसऱ्याच माणसाला दिला, तरी बराच वेळ बोललो नाही. आता लिहायला बसलोय तर आवरतं घेणार नाही. आधीच सांगतो, मला हे आठवलं की लाज वाटते आणि त्याच वेळी हसू फुटतं. आज तर हसूच जास्त येतंय.

मी वर्ध्याच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवतो. झाडपाल्यातून औषधं कशी मिळतात, हा माझा विषय. बोलणं मला जमत नाही. वर्गात जमतं, कारण तिथं समोरचे ऐकत नसतात. बाहेर कुणी काही विचारलं की माझ्या तोंडून ‘हं’ निघतं. बायको होती तोवर माझ्या वाटचंही तीच बोलायची. ती गेल्यापासून घरात फ्रिजचाच काय तो आवाज.

पण प्रयोगशाळेत मी वेगळा माणूस असतो. आमच्याकडे एक जांभळं द्रावण असतं, अगदी पिकल्या जांभळासारखं. त्यातल्या कणांना एकेक इलेक्ट्रॉन कमी पडलेला असतो, त्यामुळे ते दुसऱ्याच्या ताटात हात घालायला टपलेले असतात. असे हावरे कण आपल्या शरीरातही तयार होतात आणि पेशींची खराबी करत सुटतात. लोखंडाला गंज चढतो, कापलेलं सफरचंद काळं पडतं, तशातलाच प्रकार. काही झाडांकडे मात्र आपल्या ताटातलं काढून देण्याचा दिलदारपणा असतो. आवळा घ्या, शेवग्याचा पाला घ्या, कढीपत्ता घ्या. त्यांच्या अर्काचे दोन थेंब त्या द्रावणात टाकले की हावऱ्यांची पोटं भरतात, आणि जांभळा रंग डोळ्यांदेखत उडून द्रावण फिकट पिवळं होतं. नाचणगावच्या एका विद्यार्थिनीनं घरच्या शेवग्याचा पाला आणला होता. त्यानं तर रंग असा उडवला की मी परीक्षानळी हातात धरून शीळ वाजवली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पन्नाशीच्या सरांना हे शोभत नाही, हे मलाही कळत होतं.

सूज उतरवण्याच्या गुणाची चाचणी आणखी गमतीची. अंड्याचा पांढरा बलक तापवला की गढूळ होतो. सूज कमी करणारा अर्क त्यात असला तर तो गढूळपणा कमी येतो. परीक्षानळीत जे घडतं ते माणसाच्या अंगात घडेलच असं नाही, हेही मी शिकवतो. हळदीतला पिवळा पदार्थ चाचण्यांमध्ये पहिल्या बाकावर बसणारा, पण पाण्यात विरघळायचा नाही, आणि पोटातून रक्तात जेमतेम उतरायचा. हे फळ्यावर लिहितो, खाली रेघ ओढतो.

तर भाचीचं लग्न ठरलं. माझ्या ताईची एकुलती एक मुलगी. लग्न तोंडावर आलं आणि तिच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या. फोनवर म्हणाली, “मामा, तुमी वर्षभर सूज-सूज करत राह्यता. माह्या थोबाडाची सूज काढून द्या ना!”

“हं,” मी म्हणालो.

पण त्या ‘हं’नंतर माझं डोकं असं काही धावायला लागलं की झोप येईना. हळदीत गुण आहे. पाण्यात कालवलेल्या हळदीतून तो सुटत नाही. मग अर्क काढून तेलातून दिला तर? मी अल्कोहोलमध्ये हळद भिजवली, गाळली, अल्कोहोल उडवून लावलं. खाली राहिला काकवीसारखा दाट, गडद नारिंगी अर्क. खोबरेल तेलात कालवून बाटलीत भरला. त्यातला एक थेंब जांभळ्या द्रावणात टाकून पाहिला, तर रंग उडाला म्हणजे काय, पळालाच! मी दार लावून घेतलं आणि प्रयोगशाळेत एकटाच नाचलो. नाचलो म्हणजे दोन्ही हात वर केले आणि एक गिरकी घेतली. त्या हातांत रबरी मोजे होते. तेच पुढं नडलं.

कारण मोजे नसते तर हात धुवावे लागले असते. साबणानं. आणि मग मला ते आठवलं असतं, जे मी दर वर्षी जुलैत, पहिल्या वर्षाच्या पोरांकडून, पहिल्याच प्रात्यक्षिकात करून घेतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद घ्यायचा. साबणाचं पाणी लावायचं, लालभडक होतो. वर लिंबू पिळायचं, पुन्हा पिवळा. शाळेतल्या लेकरालाही येतं ते. चुन्यानं हळदीचं कुंकू होतं, तीच ही गोष्ट. माझ्या डोक्यात मात्र त्या वेळी नुसते इलेक्ट्रॉन फिरत होते.

बाटली मी मुलीच्या हातात द्यायची, की नाही? पण तिथं मला आणखी शहाणपण सुचलं. आपल्याकडे नवरीला उष्टी हळद लागते. परातीतली हळद आधी नवरदेवाला, त्याच्या अंगाची उरलेली नवरीला. मग वेगळी बाटली कशाला? परातीतच ओतू. भाचीला गुण येईल, जावयालाही येईल. दोन्ही पक्षांना सारखं.

दोन्ही घरची हळद एकाच कार्यालयात, एकाच सकाळी होती. लग्न दुसऱ्या दिवशी. मागच्या पडवीत पितळी परात मांडून नवरदेवाची आत्या हळद कालवत बसल्या होत्या. नवरदेवाची आई तो लहान असतानाच वारली. त्याला वाढवलं या आत्याबाईंनी. त्यांचा नवराही लवकर गेला. दिराच्या वाट्याला लागून त्यांचं थोडं शेत आहे वायगावकडं, त्यात हळद लावतात. घरातल्या प्रत्येक लग्नाला हळद त्यांच्या घरून यायची, पण दळून दिली की त्यांनी मागं सरायचं, लावायची इतरांनी. या वेळी पोरानं हट्ट धरला होता, “पयली हळद आत्या लावन. नाई तं मी पाटावर बसतच नाई.” यावरून चुलत्यांच्या घरात पंधरवडाभर धुसफूस झाली, हे ताईनं मला गाडीत सांगितलं होतं. नवरदेवाच्या मोठ्या आईचा, म्हणजे थोरल्या चुलतीचा, ठाम विरोध. पण पोरगं हटलं नाही.

मला पाहून आत्याबाईंनी परात पुढं सरकवली. “वास घ्या, मामाजी. वायगावची हाय. इकतची नाई.”

वास घेतला. काय वास होता! ओल्या मातीचा, मिरीचा, संत्र्याच्या सालीचा. असं सगळं माझ्या मनात आलं. तोंडातून आलं, “हं.”

त्या हसल्या. “लय बोलता बाप्पा तुमी!” म्हणाल्या, आणि चहा प्यायला उठल्या.

पडवीत मी, परात आणि खिशातली बाटली. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर त्यांनी कदाचित होही म्हटलं असतं. पण विचारायला तोंड उघडावं लागतं, ओतायला लागत नाही. मी ओतली. परातीतल्या उलथन्यानं ढवळली आणि परातीवरचं फडकं होतं तसं नीट केलं.

हळदीला काय रंग चढला म्हणता! सगळे म्हणाले, असली हळद पाहिली नाही. हळद कुठली, तो शेंदूरच. आत्याबाईंनी दोन्ही तळवे बुडवले आणि पोराच्या गालांना, गळ्याला, दंडांना अशी हळद लावली की बघणाऱ्याचे डोळे भरावेत. बाकीच्या बायकांनी आंब्याच्या पानानं शिवल्यासारखी लावली. गाणी सुरू झाली, डीजेवाल्यानं मध्येच आपलं घुसवलं, पोरं नाचली. मी मागं उभा राहून कुणाच्या नकळत मान डोलवत होतो. माझा अर्क! दोनेक बादल्या पाण्यानं नवरदेवाला न्हाऊ घातलं, पण रंग हलेना. तेल आणि हळद, तो हलतोय कशाला. तेव्हा त्याच्या एका दोस्तानं कपडे धुवायच्या साबणाची वडी आणली.

“अबे, घास ना जोरानं!” आतून आवाज आला.

“घासूनच राह्यलो बे! लाल होऊन राह्यला हा!”

“म्हून तं म्हनतो, अजून घास!”

आणि मग तो बाहेर आला. कपाळ लाल, गाल लाल, मान, छाती, हात, सगळं लाल. पांढऱ्या बनियनवरून दोन लाल ओघळ. मग एक पोट्टा ओरडला, “अबे, हा तं टमाटर झाला!” आणि सगळा मांडव हसायला लागला. मीही हसलो असतो, पण त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढं जुलै महिना उभा राहिला, आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेला कागद.

हसणं लवकरच थांबलं. नवरदेव खोलीत जाऊन कडी लावून बसला आणि दोस्तांनी खिडकीतून दिलेला एकेक साबण लावत आणखी लाल होत गेला. बाहेर कुणीतरी म्हणालं, “हळदीत भेसळ हाय.”

“माह्या घरची हाय. माह्या हातानं दळली,” आत्याबाई म्हणाल्या.

“मंग हातच पाह्य ना तुहे,” मोठी आई म्हणाली.

आत्याबाईंनी हात पाहिले. त्यांनीही नुकतेच साबणानं धुतले होते. दोन्ही तळवे मनगटापर्यंत लालभडक. आंब्याच्या पानानं हळद लावणाऱ्या बायकांचे हात कोरे. त्या एवढ्या मांडवात लाल झालेली माणसं दोनच, तो आणि त्या.

“मी तं आधीच म्हनलं होतं,” मोठी आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “रिवाज काऊन करून ठेवले जुन्या लोकाईनं? हात लागला, झालं.”

आत्याबाईंनी हात पदराखाली घेतले.

मी तिथंच होतो. खांबाला टेकून. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य घशापर्यंत आलं, आणि त्याच वेळी कुणीतरी म्हणालं, “जेवाले चाला,” आणि मी जेवायला गेलो.

हे मी एका माणसाखेरीज आजवर कुणाला सांगितलं नाही. मी जेवलो. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा होता, झणझणीत, वर लाल तेलाची तर्री. वाढपी पुन्हा आला तेव्हा मी मान हलवली नाही, वाटी पुढं केली. आत्याबाई पंगतीत नव्हत्या. आणि पाटोडी चावता चावता मला एक गोष्ट दिसली, जी सकाळपासून समोरच होती. बायको माझीही गेली आहे. मला कुणी परातीपासून हटकलं नाही. उलट मामा म्हणून उद्या पोरीला बोहल्यापर्यंत मीच नेणार, माझ्यासाठी फेटा आणलेला. मी परातीत हात घातला तर ते कौतुक, त्यांनी घातला तर विघ्न. घास अडकला नाही, खोटं कशाला बोलू. पण रस्सा बेचव झाला.

दुपार कलली तशी ताई मला शोधत आली. तिचा चेहरा पडलेला. “काऊन रे, इथं लपला का? तिकडं उष्टी हळद लावाची बाकी हाय. नवरदेवाची मोठी आई म्हनते, ते परातीतली फेका, दुकानातलं पाकीट आना. पोरगी म्हनते, नाई. मी काय करू? तू मास्तर हायस त्या शास्त्राचा. सांग ना मले, भेसळ हाय का त्याच्यात?”

सरळ प्रश्न होता. सख्ख्या बहिणीनं विचारलेला.

“पाहावं लागेल,” मी म्हणालो.

“पाह्य मंग! खांबाले टेकून काय दिसते?”

म्हणून मी मागच्या पडवीत गेलो. परात तशीच, फडकं घातलेली. शेजारी आत्याबाई पिशवी भरत होत्या. एक लुगडं, डबा, चष्म्याचं घर.

“संध्याकाळची एस्टी भेटन मले,” त्या म्हणाल्या, जणू मी विचारलंच होतं. “पोट्ट्याच्या लग्नात माह्यापायी तंटा नोको. उद्या लगन लागू द्या, मी तिकडून अक्षता टाकीन.” मग पिशवीचे बंद धरून थांबल्या. “मामाजी, तुमी शिकेल मानूस हाय. यकच सांगा मले. पोराले काई होनार तं नाई ना? कातडी-बितडी नाई ना जानार?”

स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

माझ्या आत काहीतरी सटकलं. बाटलीचं बूच उडावं तसं. “मी ओतलं,” मी म्हणालो. “हळदीत. माझ्याकडचा अर्क. चांगल्यासाठी ओतला. पोराला काही होणार नाही. तो साबणामुळे लाल झाला. हळद साबणानं लाल होते, मी हे दर वर्षी शिकवतो, जुलैत, कागदावर, आणि मला आठवलं नाही. तुमच्या हळदीत काही खोट नाही. तुमच्या हातात तर नाहीच नाही. सगळं माझं आहे. आणि मी जेवलोसुद्धा.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली. इतकं मी गेल्या काही वर्षांत एका दमात बोललो नव्हतो, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

“कवा ओतलं?”

“तुम्ही चहाला गेलात तेव्हा.”

“काऊन? माह्या हळदीत काय कमी होतं?”

“काही नव्हतं.”

“मले इचारता नाई आलं?”

“मला विचारता येत नाही,” मी म्हणालो. ते इतकं खरं होतं की त्यांचा राग मध्येच अडखळला. मग तो पुन्हा उभा राहिला. त्यांनी माझी बाही धरली. “मले सांगून काय होते? मले तं माहितच होतं माही हळद चांगली हाय. तिकडं चाला. सगळ्याईसमोर बोला. आता जीभ आली हाय तं वापरा!”

बाहीला धरून एका बाईनं मला भर मांडवातून ओढत नेलं, आणि डीजेच्या पोरासमोर उभं केलं. “याईले माईक दे,” आत्याबाई म्हणाल्या.

माईक किंचाळला. माझ्या श्वासाचा आवाज दोन्ही भोंग्यांतून सिंदीभर गेला. सगळ्यांच्या माना वळल्या.

“मी नवरीचा मामा,” मी म्हणालो. “हळदीत मी एक वस्तू टाकली होती.”

“अगं माय वं!” ताईचा आवाज आला. “हा बोलून राह्यला!”

मी बोललो. आधी हळू, मग कसा कोण जाणे, धरणाचं दार उघडावं तसा. आतून नवरदेवाला बोलवा म्हटलं. आचाऱ्याकडून लिंबू आणा म्हटलं. नवरदेव टॉवेल पांघरून आला, बिचारा. मी त्याचा दंड धरला आणि लिंबाच्या फोडीनं एक रेघ ओढली. लाल दंडावर पिवळीधमक रेघ उठली. मांडवभर ‘आई शप्पथ’ झालं. त्याच रेघेवर साबण लावला, ती परत लाल. परत लिंबू, परत पिवळी. “हे विघ्न नाही,” मी भोंग्यातून ओरडलो, “हे पहिलं वर्ष आहे! पहिलं प्रात्यक्षिक!”

पोरं तुटून पडली. नवरदेवाच्या पाठीवर कुणी लिंबानं चांदणी काढली, कुणी क्रिकेटची बॅट. “मलाही, मलाही,” म्हणत दोस्तांनी परातीतली हळद अंगाला फासली आणि साबणाकडं धावले. आचारी म्हणाला, “लिंबं संपतीन माही! मठ्ठा घ्या ना, तो बी आंबटच हाय,” आणि मठ्ठ्याचा हंडाच उचलून आणला. तो नवरदेवाच्या डोक्यावर रिता झाला. नवरदेव, ज्याला सकाळपासून कुणी हसताना पाहिलं नव्हतं, कोथिंबिरीसकट नखशिखांत पिवळा होऊन खदाखदा हसत होता.

मला वाटतं तिथं थांबायला हवं होतं. पण मला थांबता येईना. मी जांभळ्या द्रावणाचं सांगितलं. हावऱ्या कणांचं सांगितलं. अंड्याच्या बलकाचं सांगत होतो तेव्हा कुणीतरी ओरडलं, “अबे माईक काढा त्याच्या हातातून!” आणि मी म्हणालो, “काढा, पण एक शेवटचं.” मग माझा आवाज एकदम खाली आला. “हात पाहायचे असतील तर माझे पाहा. माझी बायको गेली आहे. सकाळी या परातीला माझाही हात लागला, आणि तो चोरून लागला. उद्या नवरीला बोहल्यावर मी नेणार, तेव्हा कुणी काही म्हणणार नाही. आत्याबाईंच्या हाताला जे म्हणालात, ते आधी मला म्हणा.”

डीजेच्या पोरानं माईक बंद केला की भोंगा आपसूक बंद पडला, मला माहीत नाही. पुरुष मंडळी चपला शोधायला लागली.

मोठी आई खुर्चीत बसलेली होती. ती काही माफी मागणाऱ्यातली नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “सकाऊन मुका वाटला होता हा,” ती शेजारणीला म्हणाली. “मुकाच बरा होता.”

हसण्याचा असा काही फुगा फुटला! आणि त्यातच वरच्या खोलीच्या कठड्यावरून भाची ओरडली, “मामा, भाषण झालं असन तं माही उष्टी हळद पाठवा! आन् आत्या, तुमीच या. लाल झाली तं लाल. जोडीनं दिसू!”

आत्याबाई हलल्या नाहीत. त्यांनी मोठ्या आईकडं पाहिलं. मोठी आई दुसरीकडं पाहत होती, पण पाकीट आणायला निघालेल्या पोराला तिनं हातानंच ‘राहू दे’ केलं. एवढं पुरलं.

परात मी धरली. शिक्षाच होती ती. “हलू नोका, मामाजी,” आत्याबाई म्हणाल्या, “आन् आता यात काई पडलं तं पाह्यजा!” परात चांगलीच जड होती. त्यांनी दोन्ही लाल तळवे बुडवले आणि भाचीच्या गालांना लावले, जसे सकाळी पोराच्या लावले होते तसेच, सगळ्या सुवासिनींच्या आधी. भाचीनं डोळे मिटून घेतले. ताई रडत होती आणि रडता रडता मला चिमटे काढत होती. गाणी आता बायकांनी डीजेशिवायच धरली. मग आत्याबाई माझ्याकडं वळल्या, मला वाटलं परात घेतील. त्यांनी तळव्यांवर उरलेली हळद माझ्या दोन्ही गालांवर थापली. “हे इचारल्याशिवाय ओतल्याबद्दल,” म्हणाल्या. माझे हात परातीत अडकलेले, पुसताही येईना. मला गरगरल्यासारखं झालं. उन्हानं असेल.

भाचीला न्हायला बेसन दिलं, साबणाला कुणी शिवलं नाही. तिच्या पुटकुळ्यांचं काय झालं विचाराल, तर लग्नाच्या सगळ्या फोटोंत त्या जशाच्या तशा आहेत. माझ्या अर्काचा काडीचाही गुण आला नाही, आणि इतक्या घाईत येणारही नव्हता. एस्टी निघून गेली. पिशवीतलं लुगडं आत्याबाईंनी पुन्हा खुंटीवर टाकलं.

दिवेलागणीला पडवीत मी परात घासत होतो, चिंचेनं, साबणानं नाही. मोठी आई आली. मला पाहून न पाहिल्यासारखं केलं, आत्याबाईंसमोर पाटावर टेकली आणि लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. गुडघा चांगलाच सुजलेला होता.

“राह्यली का वं थोडी?” ती भिंतीकडं पाहत म्हणाली. “लावून दे जराशी. लय ठनकते.”

आत्याबाईंनी वाटीतली हळद घेतली, दिव्यावर कोमट केली आणि हातानं गुडघ्यावर लावायला लागल्या. हळूहळू, गोल गोल. मोठी आई डोळे मिटून बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “गरम हात हाय तुहा.”

ती लंगडत निघून गेली, तेव्हा आत्याबाईंनी मला हळूच विचारलं, “मामाजी, खरं सांगा. उतरते का हो सूज यानं?”

मी प्रामाणिकपणे सांगितलं, “वरून लावलेली कातडीच्या आत फार जात नाही. गुडघ्याच्या सांध्यापर्यंत तर नाहीच. डॉक्टरला दाखवायला पाहिजे त्यांनी.”

“डॉक्टरले नेईन मी तिले लगनानंतर,” त्या म्हणाल्या. “पन हे नोका सांगू तिले.” आणि पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या की मलाही हसू आवरेना, आणि परात हातातून निसटून पडवीभर खणखणत गेली.